चोविसावा डबा

तंद्री हे काही तिचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव नव्हे. ते ठेवलं तिच्या थोरल्या बहिणीनं. ही तेव्हा सात वर्षांची होती. नळाखाली बादली लावलेली, बादली भरून पाणी पार दारापर्यंत वाहत गेलेलं, आणि ही शेजारीच उभी राहून भिंतीवर हलणारी उन्हाची तिरीप बघत होती. "कसली तंद्री लागते गं तुला!" म्हणत ताईनं नळ बंद केला, आणि त्या दिवसापासून ती तंद्रीच झाली. पुढे शिक्षण झालं, नोकरी लागली, केस पिकले, पण नाव काही निघालं नाही.

आता ती सत्तावन्न वर्षांची आहे आणि अजूनही समोरचा चहा गार होईपर्यंत कपातल्या वाफेकडे बघत बसते. अशा बाईच्या हाती कुणी घराची किल्लीसुद्धा देणार नाही, असं तुम्हाला वाटेल. पण शहराच्या बससेवेनं तिच्या हाती सात यंत्रं दिली होती. कुठल्या थांब्यावर कुठली बस किती मिनिटांत येणार हे सांगणाऱ्या ज्या पाट्या असतात ना, त्या या सात यंत्रांच्या जिवावर चालत, आणि यंत्रं तंद्रीच्या.

तिची खोली आगाराच्या मागच्या अंगाला होती, बस धुण्याच्या जागेला लागून. दिवसभर खिडकीबाहेर एकामागून एक बस येऊन उभी राही, फवारे सुरू होत, आणि ओल्या काचांवरून उडालेला उजेड खोलीच्या छतावर डुलत राही. खाली लोखंडी मांडणीवर सात यंत्रं एका सुरात गुणगुणत. सातही वेगवेगळ्या वर्षी घेतलेली, एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही, पण एकमेकांना बांधलेली. याला म्हणतात क्लस्टर. त्यांच्या पोटात बावीस कंटेनर चालत. तंद्री त्यांना डबे म्हणायची. प्रत्येक डब्यात एकेक छोटा कारभार बंद करून ठेवलेला. एक डबा बस मोजायचा, एक पाट्यांवर मिनिटं लिहायचा, एक थांब्यावरच्या सूचना बोलायचा, एक तर नुसती हरवलेल्या छत्र्यांची यादी सांभाळायचा. एखादं यंत्र दमलं की त्याच्यावरचे डबे शेजारच्या यंत्रावर उतरायचे. फक्त पाट्यांचा डबा तिसऱ्या यंत्रावरून हलत नसे, कारण पाट्यांची वायर त्यालाच जोडलेली होती.

हा सगळा कारभार ती काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून हाकायची. सकाळी साडेसहाला यायची, खांद्यावरची पिशवी उतरण्याआधीच उभ्याउभ्या तिची बोटं कळफलकावर काहीतरी वाजवून घ्यायची, मग ती खुर्ची ओढायची आणि खिडकीबाहेर बघायला लागायची. टाइप करताना तिनं कधी कळांकडे बघितलं नाही. ताईचा टायपिंगचा क्लास होता आणि तंद्री तिची पहिली विद्यार्थिनी. ताई कळांवर फडकं टाकून शिकवायची, आणि एखाद्याचं मनगट टेबलावर टेकलं की पट्टीनं हलकेच उचलायची.

या ताईच्याच घरून एका दुपारी भाचीचा फोन आला.

"मावशी, परवा आईनं मला विचारलं, आपण कुठल्या बॅचला?" भाची हसली, पण ते हसणं अर्ध्यावरच राहिलं. "तुझं नाव अजून रोज घेते. पण डॉक्टर म्हणाले, किती दिवस लक्षात राहील ते सांगता येत नाही. यायचं असेल तर आत्ता ये. आणि दोन दिवसांसाठी नको येऊस गं."

तंद्रीनं फोन ठेवला. अकरा वर्षांत तिनं सलग तीन दिवसांच्या वर रजा घेतली नव्हती. म्हणजे कुणी अडवलं होतं असं नाही. पण काळ्या पडद्याची भाषा तिच्याशिवाय आगारात कुणालाच येत नव्हती. तिनं त्याच दिवशी तीन महिन्यांच्या रजेचा अर्ज लिहिला.

साहेब तसे भले गृहस्थ. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मॅडम, तुम्ही गेल्यावर हे बघणार कोण? एक माणूस दाखवा, जो तुमच्याशिवाय हे चालवेल. लगेच सही करतो."

माणूस एकच होता. नियंत्रण कक्षात बसणारा पन्नाशीचा गृहस्थ, ज्याला सगळे कंडक्टर म्हणत. गुडघे दुखायला लागले म्हणून त्याला बसमधून खुर्चीवर आणलं होतं, पण अंगातला कंडक्टर काही उतरला नव्हता. जिन्यावर दोघं बोलत उभे दिसले की हा ओरडायचा, "पुढे सरका, पुढे जागा आहे!" माणूस कामाला वाघ, पण काळा पडदा दिसला की त्याची पाचावर धारण बसायची.

"मॅडम, मला बटण द्या," तो म्हणाला. "बटण असेल तर मी जग चालवून दाखवतो. त्या काळ्या विहिरीत मात्र मला उतरवू नका."

म्हणून तंद्रीनं ठरवलं, सगळ्या डब्यांसाठी एक वेबपान उभं करायचं. ब्राउझर उघडला की सातही यंत्रं समोर, त्यांच्यावरचे बावीस डबे समोर, चालू असलेला हिरवा, पडलेला लाल, आणि प्रत्येकाशेजारी बटणं. अशी पानं तयार मिळतात, ती काही तिनं नव्यानं रचायची नव्हती. गंमत म्हणजे, सगळ्या डब्यांवर लक्ष ठेवणारं हे पान स्वतःही एका डब्यातच राहतं. तो झाला तेविसावा. शिवाय प्रत्येक यंत्रावर खबर देणारा एक चिमुकला एजंट बसवावा लागतो; पण त्या सातांना मोजणीत धरायचं नाही असं तिनं ठरवून टाकलं. हिशेब तिचा, नियमही तिचे.

आता या पानाची एक खोड होती. ते पहिल्यांदा सुरू झालं की मालकाची वाट बघतं. पाच मिनिटांच्या आत कुणी येऊन नाव आणि पासवर्ड दिला तर ठीक. नाहीतर भलत्याच कुणाच्या हाती सूत्रं जायला नकोत म्हणून ते आपणहून दार लावून घेतं. शहाणपणाची गोष्ट आहे. पण ज्यानं कुणी हे ठरवलं त्यानं तंद्रीला बघितलं नसावं.

पहिल्या वेळी तिनं डबा सुरू केला आणि पान उघडेपर्यंत म्हणून खिडकीबाहेर बघितलं. एक लांबलचक जोडबस फवाऱ्याखाली आली होती. तिच्या काचांवरून पाणी उतरताना आतल्या रिकाम्या सीटा हलल्यासारख्या वाटत होत्या, जणू सगळे प्रवासी नुकतेच उठून गेलेत. ती परत पडद्याकडे वळली तेव्हा दार बंद झालं होतं. दुसऱ्या वेळी ती नावापर्यंत पोचली. मालकाचं नाव काय द्यावं? स्वतःचं द्यावं, की आगाराचं, की... इथेच तिची समाधी लागली, आणि दार पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी कंडक्टर मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून तिच्या मागे उभा राहिला.

"तीन झाली मॅडम. साडेतीन. अहो, छताकडे काय बघताय? चार! शेवटचा थांबा आला, उतरून घ्या!"

तिनं नाव लिहिलं, पासवर्ड लिहिला, बटण दाबलं. पडद्यावर सात चौकटी उमटल्या आणि त्यांच्यात एकेक करून बावीस हिरवे ठिपके लागले. इतकी वर्षं हे सगळे तिच्या डोक्यात कुठेतरी अंधारात होते. आज त्यांना चेहरे आले. कंडक्टरनं वाकून बघितलं आणि म्हणाला, "हे तर सगळं बसलेलं दिसतंय. उभं कुणीच नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं खात्री करायला तो तेविसावा डबा बंद करून पुन्हा सुरू केला. पान उघडलं आणि अगदी नव्यासारखं विचारू लागलं, मालक कोण? कालचं नाव, पासवर्ड, कंडक्टरचं खातं, सगळं विसरलं होतं. चूक तिचीच होती. आठवणी ठेवायला डब्याबाहेर एक कायमची जागा नेमून द्यावी लागते. ती द्यायची राहिली होती. दोन ओळींचं काम. पण त्या कोऱ्या पानाकडे बघताना तिच्या डोळ्यांसमोर ताई आली. ताईच्या दारात आपण उभं राहायचं आणि ताईनं असंच विचारायचं, कोण आपण? तिला रडू आलं. कंडक्टर बाहेर जाऊन चहा घेऊन आला आणि कपाविषयीच बोलत राहिला. मग तिनं ती जागा नेमून दिली आणि डबा तीनदा बंद-चालू करून बघितला. तिन्ही वेळा पानानं दोघांनाही बरोबर ओळखलं.

पुढचे दोन आठवडे तिनं एक वही भरली. कुठला डबा पडला तर काय, यंत्र गरम झालं तर काय, छत्र्यांची यादी अडकली तर कुणाला विचारायचं, सगळं. शेवटचा आठवडा तर ती हाताची घडी घालून बसली; जे काय करायचं ते कंडक्टरनं पानावरून. तो बटण दाबायचा, डबा लालचा हिरवा व्हायचा, आणि हा खूश होऊन म्हणायचा, "डबल बेल!" आठवडाभर एकही पाटी चुकली नाही. साहेबांनी सही केली.

ताईचं घर एक दिवसाच्या वाटेवर होतं. तळमजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत क्लासचं लांबच लांब टेबल अजून तसंच. यंत्रं सगळी गेलेली, एक तेवढं कोपऱ्यात फडक्याखाली. तंद्री दारात उभी राहिली. आतून ताई आली, हात दाराच्या कडीवर ठेवून बघत राहिली.

"तंद्री," ताई म्हणाली, "नळ बंद केलास का?"

"केला गं," पन्नास वर्षांनी तंद्री म्हणाली, आणि बहिणीच्या गळ्यात पडली. भाची स्वयंपाकघरात निघून गेली.

पहिले तीन दिवस फार सुखात गेले. दुपारी दोघी त्या लांब टेबलाशी बसायच्या. ताई एखादी गोष्ट मधूनच सुरू करायची, मधूनच सोडायची, आणि तंद्रीला त्याचं काहीच वाटत नसे. तिचं स्वतःचं बोलणंही जन्मभर असंच होतं. एकीची वाट चुकली की दुसरी तिच्याबरोबर चुकायची. पडदा वाऱ्यानं फुगायचा, बसायचा. संध्याकाळ कधी झाली ते दोघींनाही कळायचं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी कंडक्टरचा फोन आला. तोंडचं पाणी पळालेल्या आवाजात तो म्हणाला, "मॅडम, बस समोर उभी असते आणि पाटी म्हणते आठ मिनिटं! लोक पाटीवर भरवसा ठेवून बाकावर बसून राहतात आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बस निघून जाते. फोनवर फोन येतायत."

"पानावर लाल काय दिसतंय?"

"लाल काहीच नाही! सगळं हिरवंगार. मोजणारा डबा बंद-चालू केला, पाट्यांचा केला, छत्र्यांचासुद्धा केला. वही दोनदा वाचली. परवा चार मिनिटं चुकत होतं म्हणे, काल सहा, आज आठ."

तंद्रीनं डोळे मिटून बावीसच्या बावीस डबे मनात फिरवले. बस मोजणाऱ्यात दोष असेल? बसमधल्या उपकरणात? तासभर तिनं फोनवरून कंडक्टरला हे दाब, ते दाब करायला लावलं. आठच्या आठ मिनिटं काही हलली नाहीत. शेवटी साहेबांनी फोन घेतला. "मॅडम, मला वाईट वाटतं. पण उद्या दुपारपर्यंत सुटलं नाही तर तुम्हाला परत यावं लागेल. लोकांच्या शिव्या मी तरी किती खाऊ?"

त्या संध्याकाळी तिनं पिशवी काढून ठेवली. भाचीला काही बोलवेना. ताईनं विचारलं, "कुणी निघालंय का?" आणि तंद्री म्हणाली, "नाही गं." खोटं बोलताना तिला ताईचे डोळे चुकवावे लागले.

सकाळी साडेसहाला दोघी टेबलाशी चहा घेऊन बसल्या होत्या. बाहेर कोवळं ऊन पडलं होतं, समोरच्या गॅलरीत कुणीतरी वाळत टाकलेली चादर त्यात उजळून निघाली होती. तंद्री त्या चादरीकडे बघत होती. आपण इथे आहोत की आगाराच्या खोलीत, हे तिला क्षणभर कळेना.

"मनगटं," ताई म्हणाली.

"अं?"

"मनगटं पडलीत तुझी. रोज पडतात." ताई कपावरून तिच्या हातांकडे बघत होती. "आल्यापासून बघतेय. याच वेळी. आणि रोज तेच तेच वाजवतेस."

तंद्रीनं खाली बघितलं. तिचे दोन्ही हात टेबलावर होते, बोटं वळलेली, नुकतीच थांबलेली. आपण काही वाजवत होतो हे तिच्या गावीही नव्हतं. "काय वाजवते मी, ताई?"

"ते तुला ठाऊक. मी बोटं बघते." ताईचा आवाज अचानक क्लासमधला झाला, ताठ आणि स्वच्छ. "पहिला शब्द सगळा डाव्या हाताचा. मधलं बोट, करंगळी. मग तर्जनी वरच्या ओळीत, मग मधलं वरच्या ओळीत. मग अंगठा, जागा सोडली. मग उजवा हात."

तंद्रीनं करून बघितलं. बोटं अडखळली, एकही कळ सापडेना.

"बघू नकोस गं त्यांच्याकडे! किती वेळा सांगायचं? बोटांचं बोटांना माहीत असतं. तू आपली बाहेर बघ."

ती चादरीकडे बघत राहिली. टेबलावर बोटं हलली, आणि ताई शांतपणे म्हणत गेली, मधलं, करंगळी, तर्जनी वर, मधलं वर. चार अक्षरं. काळ्या पडद्यावर डी, ए, टी, ई ही चार अक्षरं टाइप केली की यंत्राचं घड्याळ हाती येतं.

मग सगळं लख्ख आठवलं. तिसऱ्या यंत्राचं घड्याळ! अकरा वर्षांपूर्वी ते मागे पडू लागलं, दिवसाला दोन मिनिटं. आतला सेल बदलूनही उपयोग झाला नाही. रोज सकाळी हातानं जुळवून घेऊ, कायमचं काय ते उद्या बघू, असं ती म्हणाली होती. तो उद्या उजाडलाच नाही. बोटांनी ते काम स्वतःकडे घेऊन टाकलं, पिशवी उतरण्याआधी, तिलासुद्धा न विचारता. वहीत ते येणार कुठून? अधल्यामधल्या रजेत पडलेला चार-सहा मिनिटांचा फरक लोकांनी बसच्या उशिरावर घातला असावा. आणि हाताची घडी घालून बसलेल्या त्या शेवटच्या आठवड्यातही सकाळी पहिली तीच तर येत होती. डबे चालू होते म्हणून पान हिरवं होतं. त्यांना किती वाजले हे कुणी विचारतच नव्हतं.

तिनं ताईच्या हातांवर हात ठेवले आणि मोठ्यांदा हसली. ताईही हसली, कशाला ते न विचारता.

कंडक्टरला फोन लावला. घड्याळ त्या वेळेपुरतं जुळवून दिलं असतं तर उद्या पुन्हा तेच. म्हणून तिनं सात ओळी सांगितल्या, त्यानं त्या पानावरच्या रिकाम्या चौकटीत एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत भरल्या. एक नवा डबा, चोविसावा. काम एकच: सुरू होताच एकदा, आणि मग रोज पहाटे, पहिल्या यंत्राला वेळ विचारायची आणि तिसऱ्याचं घड्याळ त्याच्याशी जुळवायचं.

"नाव मागतंय मॅडम. काय देऊ?"

या वेळी तंद्रीला समाधी लागली नाही. "ताई," ती म्हणाली.

"ताई. दाबलं. हिरवा झाला! थांबा हं, थांब्यावर माणूस उभा केलाय... पाटी म्हणते एक मिनिट, आणि बस वळणावर दिसतेय. डबल बेल, मॅडम! या आता तीन महिन्यांनी."

तिनं फोन ठेवला आणि पिशवी रिकामी करून खुंटीला टांगली.

ती पूर्ण तीन महिने राहिली. ताई हळूहळू दूर जात राहिली, यात काही चमत्कार झाला नाही. आधी वार-तारखा गेल्या, मग नातवंडांची नावं, मग भाचीचं. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी तंद्री चहा घेऊन आली, तर ताई टेबलाशी उठून उभी राहिली आणि फार आदरानं म्हणाली, "आपण कोण? क्लास तर बंद झाला."

तंद्रीला सांगायचं होतं, मी गं, मी. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं, परीक्षा घेऊ नका. तिनं कप ठेवला, समोरची खुर्ची ओढली आणि बसली. पाच मिनिटं गेली असतील, दहाही गेली असतील. तिला घाई नव्हती. वाट बघत बसणं हे एक काम तिला जन्मापासून जमत होतं. बाहेर ऊन चढत होतं. बघता बघता तिची नजर खिडकीत गेली, आणि हात आपसूक टेबलावर आले.

पलीकडून पट्टीसारखं एक बोट आलं आणि तिच्या मनगटाखाली टेकलं.

"मनगट वर," ताई म्हणाली. "तंद्री, लक्ष कुठंय तुझं?"

तंद्रीनं मनगट उचललं.